आज रात्रीपुरते आपले

२०२६ च्या १९ जानेवारीच्या रात्री, अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात, मायामी विद्यापीठाचा मार्क फ्लेचर चेंडू छातीशी धरून ५७ यार्ड पळत सुटला, आणि आमचे शेजारी सोफ्यावरून ताडकन उठले. वय सत्तरीच्या पुढे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, अंगात इथल्या एन. सी. स्टेट विद्यापीठाचा लाल स्वेटर. "जा, जा, जा!" असं ओरडत त्यांनी समोरच्या बशीतले चिप्स गालिच्यावर सांडले. त्यांच्या बायकोने चिप्सकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या केरीत आम्ही राहायला आलो तेव्हापासून मी ह्या गृहस्थांना मायामीचा द्वेष करताना पाहते आहे. मायामीचे खेळाडू हाताने 'यू'ची खूण करायला लागले की हे रिमोट शोधायचे. नोव्हेंबरात मायामीने स्टेटला ४१-७ असं चोपलं त्या रात्री त्यांच्या पोर्चवरचा दिवासुद्धा लागला नव्हता. आणि आता तेच मायामीच्या टचडाउनला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेल्याला, टाळ्या वाजवत होते. मी विचारलं, "तुम्ही मायामीच्या बाजूने?" ते खाली बसत, धापा टाकत म्हणाले, "आज रात्रीपुरते ते आपले आहेत." पुढे इंडियानाने २७-२१ ने सामना जिंकला, आम्ही कोट चढवून घरी आलो, सकाळी मुलाचा डबा भरला, ऑफिस केलं. पण ते 'आपले' काही डोक्यातून जाईना.

मी मूळची कोल्हापूरची, त्यामुळे फुटबॉलच्या द्वेषाचं मला अप्रूप नाही. आमचा फुटबॉल वेगळा, पायाने खेळायचा. पण पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही नावं मी अक्षरओळखीच्या आधी शिकले. शाहू स्टेडियमवर सामना असला की दुपारी पेठेतली दुकानं अर्धी मिटायची, आणि माझे मामा हरलेल्या सामन्यानंतर रात्री जेवायचे नाहीत. समोरच्या तालमीचा गोलकीपर रस्त्यात भेटला तर त्याला नमस्कार करायचा की नाही, यावर घरात मतभेद होते. पण त्याच मामांनी २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून उतरला तेव्हा तो कोणत्या पेठेचा, हे विचारलंसुद्धा नाही. बाहेरचा समोर आला की आतली भांडणं गुंडाळून ठेवायची, हे मला कळतं. तरी शेजाऱ्यांचं वागणं मला त्यात पूर्ण बसेना. मामांच्या टाळ्यांत अभिमान होता. ह्यांच्या टाळ्यांत दुसरंच काहीतरी होतं, आणि ते काय हे उलगडायला मला बरेच दिवस लागले.

मायामी आणि स्टेट दोघंही एसीसीतले, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स ह्या विद्यापीठांच्या खेळगटातले. इथल्या माणसांसाठी एसीसी म्हणजे काय, हे बाहेरून येणाऱ्याला लगेच कळत नाही. १९५३ साली ग्रीन्सबरोजवळ सात विद्यापीठांनी जुनी कॉन्फरन्स सोडून ही नवी चूल मांडली. त्यातली ड्यूक, कॅरोलायना, स्टेट आणि वेक फॉरेस्ट ही चार इथलीच, पूर्वी तर एकमेकांपासून तासाभराच्या आत. (वेक फॉरेस्ट नंतर विन्स्टन-सेलमला गेलं.) शेजारीणबाई सांगतात, मार्च महिन्यात बास्केटबॉलची स्पर्धा सुरू झाली की शाळेत बाई टीव्हीची गाडी ढकलत वर्गात आणायच्या आणि गणिताचा तास सोडून सगळा वर्ग सामना बघायचा. एकाच बाकावर ड्यूकवाली आणि कॅरोलायनावाली, मधे दप्तराची भिंत. लग्नं जुळताना धर्मापेक्षा आधी हे विचारलं जायचं, असं त्या म्हणतात, आणि अतिशयोक्ती किती हे मी विचारत नाही. फुटबॉल इथे नेहमी धाकटा भाऊ. तो बास्केटबॉलच्या मोसमाची वाट बघताना खेळायचा. गंमत अशी की गेल्या काही वर्षांत घर चालतं ते ह्या धाकट्याच्या पगारावर, आणि तो पगार शेजारच्या घरांपेक्षा कमी आहे.

बिग टेन आणि एसईसी ह्या दोन कॉन्फरन्सना टीव्हीकडून मिळणारा पैसा आणि एसीसीला मिळणारा पैसा यातली दरी दर वर्षी रुंदावते आहे. एसीसीचा ईएसपीएन ह्या क्रीडावाहिनीशी करार २०३६ पर्यंतचा; तो झाला तेव्हा दूरदृष्टीचा वाटला, आता बेडी वाटतो. प्लेऑफच्या, म्हणजे राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या बाद फेऱ्यांच्या, पैशाच्या नव्या वाटपात तर २०२६ पासून त्या दोघांना प्रत्येकी सुमारे २९ टक्के आणि एसीसीला सुमारे १७ टक्के. कमी पैसा म्हणजे कमी चांगले खेळाडू, कमी चांगले खेळाडू म्हणजे पुढच्या कराराच्या वेळी अजून कमी पैसा. २०२३ च्या उन्हाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरची पॅक-१२ कॉन्फरन्स शंभरहून अधिक वर्षांचा इतिहास पोटात घेऊन काही आठवड्यांत कोसळली. बारापैकी दहा विद्यापीठं निघून गेली. आणि त्याच मोसमात तिथला वॉशिंग्टनचा संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय अंतिम फेरीला पोचला होता! चार वर्षं आधी हे कोणी सांगितलं असतं तर हसले असते लोक. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया तेव्हा अटलांटिक किनाऱ्याच्या ह्या घरात पाहुणे म्हणून आले, तेही पूर्ण हिस्सा न मागता. सदर्न मेथडिस्टने तर टीव्हीच्या पैशावर नऊ वर्षं पाणी सोडलं. आता एकूण सतरा संघ. शेजारी म्हणतात, त्यांना कॅलिफोर्नियाशी वैर करायला जमत नाही. वैर करायला माणूस ओळखीचा लागतो.

त्या कोसळलेल्या कॉन्फरन्सची भीती इथे कुणी बोलून दाखवत नाही, पण ती आहे.

मग २०२५ चा डिसेंबर आला, आणि एसीसीची लाज निघायची ती निघाली. शार्लटला अंतिम सामन्यात ड्यूकने व्हर्जिनियाला जादा वेळेत २७-२० हरवलं. १९६२ नंतर पहिल्यांदाच एकट्याच्या नावावर अजिंक्यपद. आमच्या गल्लीत निळे झेंडे फडकले, एका घरासमोर पोरांनी झाडावर टॉयलेट पेपर भिरकावला. पण ड्यूक मोसमात पाच सामने हरलेलं होतं. तेव्हा प्लेऑफमध्ये क्रमवारीतल्या पहिल्या पाच कॉन्फरन्स-विजेत्यांना जागा होती, आणि निवड समितीने तुलेन आणि जेम्स मॅडिसन ह्या लहान कॉन्फरन्सच्या विजेत्यांना ड्यूकच्या वर ठेवलं. म्हणजे एसीसीचा विजेता घरी बसला. काही तास असं वाटत होतं की एसीसीचं कोणीच जाणार नाही. शेवटी शेवटची मोकळी जागा मायामीला मिळाली, तीही नोत्र दामला मागे सारून, कारण ऑगस्टच्या अखेरीस मायामीने नोत्र दामला २७-२४ हरवलं होतं. नोत्र दाम बाकी खेळांत एसीसीचंच सदस्य, फुटबॉलपुरतं सवतं राहणारं. कॉन्फरन्सने मायामीची बाजू इतकी उघडपणे मांडली की नोत्र दामवाले चिडले, जाहीर बोलले, आणि मोसमाअखेरचा कुठलाही 'बोल' सामना खेळायला गेले नाहीत. मला त्यांचा राग समजतो. जावयासारखं राहायचं, मुलासारखा हिस्सा मागायचा, हे किती दिवस चालणार होतं.

ह्यातली खुमासदार गोष्ट वेगळीच आहे. ड्यूकचे प्रशिक्षक मॅनी डियाझ यांना २०२१ च्या डिसेंबरात मायामीने काढून टाकलं होतं, आणि त्यांच्या जागी ओरेगॉनहून मारिओ क्रिस्तोबाल आणले होते. क्रिस्तोबाल मायामीचेच, क्यूबन आईबापांचा मुलगा, १९८९ आणि १९९१ च्या विजेत्या मायामी संघांत स्वतः खेळलेले. ज्याला काढलं त्याने एसीसी जिंकली, ज्याला आणलं तो एसीसीच्या अंतिम सामन्यापर्यंतही पोचला नाही, आणि तरी कॉन्फरन्सची अब्रू ह्या आणलेल्याच्याच हातात होती.

मायामी किती खोल गेली होती हे आता विसरायला होतं. १९८३ ते २००१ मध्ये पाच राष्ट्रीय अजिंक्यपदं; मग २००३ च्या जानेवारीत ओहायो स्टेटविरुद्धचा तो अंतिम सामना, ज्यात पंचाने उशिरा टाकलेल्या पिवळ्या रुमालाबद्दल, म्हणजे नियमभंगाच्या खुणेबद्दल, मायामीची माणसं आजही पहिल्या कपात बोलायला लागतात. २००४ मध्ये ते एसीसीत आले, आणि सगळ्यांनी ठरवून टाकलं की आता फुटबॉलची सोय झाली. झालं उलटंच. २००७ मध्ये जुन्या ऑरेंज बोलमधला त्यांचा शेवटचा सामना व्हर्जिनियाने ४८-० असा जिंकला. पुढच्या वर्षी ते स्टेडियम पाडलं. क्रिस्तोबाल आल्यावरही पहिल्या वर्षी ५ विजय ७ पराभव. दुसऱ्या वर्षी जॉर्जिया टेकविरुद्ध गुडघा टेकवून घड्याळ संपवायचं सोडून चेंडू पळवायला दिला, तो सुटला, आणि जिंकलेला सामना २३-२० असा गेला. त्या रात्री आमच्या शेजाऱ्यांनी मला फोन करून सांगितलं होतं, फक्त आनंद वाटून घ्यायला. २०२४ मध्ये कॅम वॉर्डसारखा क्वार्टरबॅक, म्हणजे फेकी करून डाव चालवणारा खेळाडू, जो पुढे एनएफएल ह्या व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिला गेला, तो असूनही नियमित मोसमाच्या शेवटच्या सामन्यात सिराक्यूजकडून हार. अशा संघाकडून कॉन्फरन्सला हात मिळेल असं कोण म्हणणार होतं.

आणि मग ते जानेवारीपर्यंतचे आठवडे. टेक्सस ए अँड एमच्या लाखभर माणसांच्या गोंगाटात १०-३. एवढा कमी गुणांचा सामना मी कधी एवढ्या ताणाने पाहिला नव्हता. ना धावा, ना फेकी, नुसता एकमेकांना ढकलण्याचा सामना, तरी चहा गार झाला. मग गतविजेत्या ओहायो स्टेटवर २४-१४. आणि ओल मिसविरुद्ध मायामीचा क्वार्टरबॅक कार्सन बेकने १८ सेकंद उरले असताना स्वतः पळून टचडाउन केला, ३१-२७. ए अँड एम आणि ओल मिस एसईसीचे, ओहायो स्टेट बिग टेनचं. गेल्या काही वर्षांत ह्याच दोन घरांनी एसीसीकडे पाहताना तोंड वाकडं केलं होतं. किराणा दुकानात, व्यायामशाळेत, मुलाच्या शाळेबाहेर गाड्यांच्या रांगेत मी पहिल्यांदाच कॅरोलायनाच्या टोप्या घातलेल्या माणसांना मायामीबद्दल 'आपण' म्हणताना ऐकलं. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका ड्यूकवाल्याने मायामीच्या रंगांचं केशरी-हिरवं हृदय टाकलं आणि त्याला दिवसभर शिव्या पडल्या, प्रेमळ.

पण 'आपण' कशासाठी? पैशाचा विचार करायला लागले आणि गोष्ट अवघड झाली. प्लेऑफमध्ये पोचल्याचे ४० लाख डॉलर, उपान्त्यपूर्व फेरीचे ४० लाख, उपान्त्यचे ६० लाख, अंतिमचे ६० लाख. एकूण २ कोटी. आणि एसीसीने अलीकडे केलेल्या नियमानुसार ते सगळे मायामीचे. बिग टेनमध्ये असे पैसे सगळ्यांत वाटले जातात. इथे जो कमावेल त्याचे. शिवाय २०२५ च्या मार्चमध्ये फ्लोरिडा स्टेट आणि क्लेम्सन ह्या सदस्यांनी एसीसीवर घातलेले खटले मिटवताना ठरलं की टीव्हीच्या पैशाचा ६० टक्के भाग कोणाचे सामने किती लोक पाहतात त्यावर आणि फक्त ४० टक्के समान. आता विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली आहे, त्याची पहिल्या वर्षाची मर्यादा २.०५ कोटी डॉलर. म्हणजे मायामीने एका महिन्यात जवळपास वर्षभराचा खेळाडूंचा पगार उभा केला, आणि आमच्या एन. सी. स्टेटच्या वाट्याला त्यातला एक सेंटसुद्धा येणार नाही. वर मायामीच्या सामन्यांना प्रेक्षक वाढले की टीव्हीच्या पैशातलाही हिस्सा त्यांच्याकडे सरकणार. शेजारी टाळ्या वाजवत होते त्या आपल्याच ताटातली पोळी दुसऱ्याला वाढण्यासाठी.

मी हे त्यांना सांगितलं. ते अजिबात दचकले नाहीत. "माहीत आहे," म्हणाले. "पण न वाजवून काय करू?"

त्या दोन वाक्यांत मला जे सापडायचं होतं ते सापडलं असं वाटतं. मामांच्या टाळ्या जिंकण्याच्या होत्या, ह्यांच्या घर टिकण्याच्या. त्यांना मायामीचं काही पडलेलं नाही. त्यांना हवे आहेत ते ड्यूकशी, कॅरोलायनाशी, वेक फॉरेस्टशी दर वर्षीचे सामने, आणि ते सामने एका छपराखाली तेव्हाच राहतात जेव्हा त्या छपराला टीव्हीवाले किंमत देतात. ती किंमत आज फक्त मायामीसारखा संघ वाढवू शकतो. क्लेम्सनने २०१६ आणि २०१८ च्या मोसमांत अजिंक्यपद मिळवलं, दशकभर दबदबा ठेवला. त्याचा इतरांना फायदा किती झाला, यावर वाद होऊ शकतो, पण क्लेम्सनला त्यातून कळलं की आपण इतरांपेक्षा जास्त किमतीचे आहोत, आणि ते कोर्टात गेले. फ्लोरिडा स्टेट २०२३ मध्ये १३-० अशी अपराजित, तरी क्वार्टरबॅक जायबंदी म्हणून प्लेऑफमधून बाहेर, तेही कोर्टात. वर चढणारा संघ शिडी ओढून घेतो असं मी म्हणणार नाही, पण वर चढला की त्याला पलीकडचं अंगण दिसायला लागतं हे खरं. एसीसी सोडून जायचा दंड २०२५-२६ मध्ये १६.५ कोटी डॉलर होता, तो दर वर्षी १.८ कोटींनी कमी होत २०३०-३१ मध्ये ७.५ कोटींवर येतो. असा उतरता दंड कोणी उगाच ठरवत नाही. सगळ्यांच्या भिंतीवर त्या वर्षाचं कॅलेंडर आधीच टांगलेलं आहे.

मग मायामीमुळे एसीसी वर येईल का? माझं मत असं की मायामीच्या विजयांनी ती येणार नाही, मायामीच्या पराभवांनी येईल. २०२५ च्या मोसमात मायामी नियमित सामन्यांत फक्त दोनदा हरली, लुईव्हिलकडून २४-२१ आणि सदर्न मेथडिस्टकडून जादा वेळेत २६-२०. मायामी अंतिम फेरीला पोचल्याबरोबर ते दोन निकाल आपोआप चकाकायला लागले. निवड समितीपुढे पुढच्या वर्षी 'आम्ही त्यांना हरवलं होतं' म्हणायला दोन संघ तयार झाले. व्हर्जिनियाने मिझुरीला आणि वेक फॉरेस्टने मिसिसिपी स्टेटला बोल सामन्यांत हरवलं, दोन्ही एसईसीचे, हेही आता नुसते अपवाद वाटत नाहीत. एका बलवान संघाची मदत होते ती ह्या रीतीने: त्याच्याशी बरोबरी करायला इतरांना दम लागतो, आणि जे त्याला हरवतात त्यांची पत वाढते. सोपे रस्ते इथे चालत नाहीत. शेजारच्या चॅपल हिलला कॅरोलायनाने व्यावसायिक फुटबॉलमधले सर्वांत नावाजलेले प्रशिक्षक बिल बेलिचिक आणून बसवले, पहिल्याच सामन्यात टेक्ससच्या टीसीयू विद्यापीठाने ४८-१४ असं झोडपलं आणि मोसम ४-८ असा संपला. त्या सोमवारी रात्री चॅपल हिलच्या रस्त्यांवरची पार्किंगची कोंडी मी पाहिली होती. एवढ्या गाड्या, आणि मध्यांतरानंतर परतणाऱ्या हेडलाइट्सची तितकीच लांब रांग.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. अंतिम सामन्यात मायामीला बुडवलं ते इंडियानाच्या क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझाने, चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, चार यार्ड हवे असताना स्वतः चेंडू घेऊन धडका देत आत घुसून. हा मुलगा मायामीतच वाढलेला, क्रिस्तोबाल ज्या क्रिस्टोफर कोलंबस हायस्कूलचे, त्याच शाळेतला. आणि शेवटी बेकची फेक पकडून सामना संपवणारा इंडियानाचा जमारी शार्पही मायामीचाच. मेंडोझा आदल्या वर्षापर्यंत खेळत होता कॅलिफोर्नियाकडून, म्हणजे एसीसीत. म्हणजे एसीसीकडे हाइझमन करंडक, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकणारा मुलगा होता, तो बिग टेनमध्ये गेला, आणि येऊन एसीसीच्याच संघाला हरवून गेला. त्याला दोष कसा देणार? माझा मुलगा असता तर मीही म्हटलं असतं, जा बाबा. शेजाऱ्यांनी तर त्याच्या धावेला बसल्या जागी मान डोलावली. "चांगला खेळला," म्हणाले, आणि मग आठवून म्हणाले की इंडियानाचे प्रशिक्षक सिग्नेटी एकेकाळी एन. सी. स्टेटमध्येच सहाय्यक होते. सगळेच आपले निघाले, फक्त आपल्याकडे कोणी नव्हतं.

सप्टेंबरात पुन्हा एन. सी. स्टेटच्या कार्टर-फिनली स्टेडियमच्या शेतात गाड्या लागतील. डुकराच्या मांसाचा धूर, व्हिनेगरचा आंबट वास, बाजूच्या जत्रेच्या मैदानावरून येणारी धूळ; आम्ही शाकाहारी, त्यामुळे मी भडंग घेऊन जाते आणि ते पहिल्या अर्ध्या तासात संपतं. शेजारी म्हणतात यंदा मायामीबद्दल त्यांना परत द्वेष वाटायला लागला आहे, आणि ते सांगताना ते खूश दिसतात. मी त्यांना परवा एक गोष्ट दाखवली, ती त्यांना ठाऊकच होती पण ऐकून बरं वाटलं: २००४ पासून एसीसीत असलेली मायामी अजून एकदाही एसीसीची विजेती झालेली नाही. एकदा, २०१७ मध्ये, शार्लटला अंतिम सामन्यापर्यंत आली आणि क्लेम्सनकडून ३८-३ हरली. मला विचाराल तर ह्या डिसेंबरात ती पुन्हा तिथे यावी, चांगली बारा सामने जिंकून. आणि समोर बारा सामने जिंकलेलं आणखी कोणीतरी असावं. शेजाऱ्यांचं म्हणणं, ते कोणीतरी लाल कपड्यांतलं असावं.